केलड्याची थंडी

ज्या झाडाला जगण्यासाठी दुसऱ्याने चोवीस तास थंडी पुरवावी लागते, त्याला निवृत्ती गावडे झाड म्हणत नसे. जावई म्हणत असे.

हा जावई दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोर देशाचा. तिथल्या उंच डोंगरांवर, बारमाही ढगात, दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसून राहायची त्याच्या कुळाची रीत. पानं साधी, जाड पातीची. फूल मात्र माकडाचं तोंड. दोन डोळे, नाक, खाली पांढरी दाढी, आणि तीन पाकळ्यांच्या टोकांना तीन लांब शेपट्या. हे ऑर्किड पाळण्यासाठी जगभरचे लोक वेडे होतात, असं मालक सर्वेशबाब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. वेडे होतात एवढं निवृत्तीला पटायचं.

मालकाची आई सुमंगलाकाकी त्याला केलडं म्हणायची. गोव्यात माकडाला केलडं म्हणतात, आणि ज्याच्या दारात नारळाची बाग आहे तो हा शब्द लाडाने उच्चारत नाही.

सर्वेशबाबचं घराणं मये गावातलं जुनं, व्यापारी. आजोबांनी दुकान काढलं, वडिलांनी खाणीवर ट्रक घातले, सर्वेशने छंद केले. आधी रंगीत मासे पाळले. ते गावच्या तळ्याकडून आलेल्या पाणमांजरांनी खाल्ले. मग बोन्साय आणली. ती पाणी घालायचं राहिलं म्हणून वाळली. मग बंगळूरला कुणाच्या तरी घरी त्याने हे माकडतोंड पाहिलं, आणि मयेच्या उतारावर, जिथे मार्चपासून कुत्रीसुद्धा नळाखाली जाऊन बसतात, तिथे ढगातलं रान उभं करायचं ठरवलं. परवाने काढून बेचाळीस रोपं आणली. त्यांच्याबरोबर बंगळूरचा एक तज्ज्ञही आणला.

तज्ज्ञाने घरामागे काचेची खोली बांधली. एका भिंतीला पाणी ठिबकणारी पुठ्ठ्याची जाळी, समोरच्या भिंतीला बैलगाडीच्या चाकाएवढे पंखे. हवा ओल्या जाळीतून आत येणार आणि गार होणार, असा हिशेब. हवा आत आली. गार काही झाली नाही. रोपं मुळापासून कुजायला लागली, तेव्हा कुणीतरी सर्वेशला सांगितलं की डिचोलीत बोर्डेला एक म्हातारा बर्फवाला राहतो, थंडीतलं त्याला कळतं.

निवृत्ती मूळचा चंदगड तालुक्यातला. एकोणिसाव्या वर्षी घाट उतरला आणि डिचोलीजवळच्या बर्फाच्या फॅक्टरीत लागला. एकोणचाळीस वर्षं अमोनियाच्या कॉम्प्रेसरपाशी काढली. डाव्या हाताच्या दोन बोटांची नखं गळतीच्या अमोनियाने नेली, ती परत आली नाहीत. त्याच्या पाळीत मासळीवाल्यांना बर्फ मिळाला नाही असं कधी झालं नाही. त्याच्या रजेत मात्र हमखास व्हायचं, कारण त्याने हाताखालच्या कुणाला कधी काही शिकवलं नाही. "बघून शिकावं," तो म्हणायचा. "ज्याला डोळे असून दिसत नाही त्याला तोंडानं काय सांगायचं?" रजेवरून आल्यावर फॅक्टरी बंद पडलेली पाहून तो कपाळाला आठ्या घालायचा. पण त्याची बायको भागीरथी सांगायची, त्या दिवशी गडी दोन भाकरी जास्त खातो.

पहिल्या दिवशी तो सायकलवरून मयेला गेला. तज्ज्ञ तिथेच होता. निवृत्तीने खिशातून थर्मामीटर काढला, त्याच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळलं आणि पंख्याच्या वाऱ्यात धरला. दोन मिनिटं कुणाकडे बघितलं नाही.

"सव्वीस," तो म्हणाला. "ओलं फडकं सव्वीस दाखवतंय. तुमची जाळी त्याच्या खाली उतरायची न्हाई. डोकं आपटलं तरी."

तज्ज्ञ हिंदीत म्हणाला की हीच यंत्रणा बंगळूरला अठरापर्यंत उतरते.

"तिथली हवा कोरडी. हितली आधीच भिजलेली. भिजलेल्या माणसाला ओल्या टॉवेलानं पुसून काय हुतंय?"

सर्वेश मध्ये पडला. "मग एसी लावूया? दोन टनाचा?"

"लावा की. एसी हवेतलं पाणी पिळून बाहेर टाकतो. आता कुजून मरतंय, मग तहानेनं मरंल. तेवढाच बदल."

"मग उपाय काय?"

"उपाय हाय. पण त्यात बटण दाबून घरात जाऊन बसायची सोय न्हाई."

तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी बंगळूरला गेला. निवृत्तीच्या मते त्याने मयेत केलेलं हे एकमेव पूर्ण काम.

निवृत्तीने नऊ आठवडे घेतले. पंखे काढले, जाळी काढली, काचेच्या तीन बाजू शीतगृहाच्या जाड पत्र्यांनी बंद केल्या, उत्तरेची एक काच ठेवली. बाहेर लोखंडी टाकी बसवून तिच्यात बर्फ धरवायची सोय केली. वीज चांगली असेल तेव्हा टाकीत बर्फ जमवायचा, आणि तो वितळेल तसं त्याचं गार पाणी खोलीतल्या नळ्यांच्या मोठ्या जाळ्यातून फिरवायचं. नळ्या फार थंड ठेवायच्या नाहीत, पण भरपूर ठेवायच्या. मग हवा हळूहळू गार होते आणि तिच्यातला ओलावा जागच्या जागी राहतो. वीज गेली तर टाकीतला बर्फ सहा तास खोली सांभाळतो. हे सगळं त्याला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. पुस्तकात असतं तर तज्ज्ञालाही कळलं असतं, असं तो म्हणायचा, आणि लगेच म्हणायचा, "न्हाई, तरी कळलं नसतं."

खोली तयार झाली तोवर बेचाळीसातली तीन रोपं उरली होती.

रोज सकाळी सहाला तो हजर. टाकीतल्या बर्फाची जाडी लोखंडी सळईने बघायची. झडप किती आटे उघडी आहे ते बघायचं आणि दिवसाच्या उन्हाप्रमाणे पाव आटा इकडे किंवा तिकडे. दिवसा वीस अंश, रात्री बारा. विहिरीचं पाणी घालायचं नाही, खाणीच्या पट्ट्यातलं म्हणून त्यात लोखंड. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायचं, तेही पहिले पंधरा दिवस सोडून, कारण छपरावर वर्षभराची तांबडी धूळ. रोपांखालचं शेवाळ बोटाने दाबून बघायचं. पाणी सुटलं तर जास्त, बोट कोरडं राहिलं तर कमी. दुपारी परत. संध्याकाळी परत. रविवार नाही, सण नाही.

सर्वेशचं काम फोटो काढायचं. ते तो न चुकता करायचा.

तिघांतलं एक रोप सर्वेशच्या मित्रांनी मारलं. वाढदिवसाला पंधरा जण त्या खोलीत शिरले, दार उघडं धरून गप्पा मारल्या, एकाने आत सिगरेट ओढली. दुसरं सर्वेशची बायको सुप्रिया हिने मारलं, तेही मायेने. "सुकल्यासारखं वाटलं म्हणून थोडं खत घातलं," ती म्हणाली. निवृत्तीने काळं पडलेलं रोप उपटून तिच्या हातात दिलं.

"वहिनी, आता किती बी घाला."

उरलं एक. सागवानी पट्ट्यांची जाळीदार टोपली निवृत्तीनेच केली होती, कारण ह्या जातीचा फुलाचा दांडा वर येत नाही, मुळांतून खाली उतरतो आणि टोपलीच्या तळातून बाहेर लोंबतो. असलं उलट्या काळजाचं झाड त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी जुलैत तळाच्या फटीतून सुतासारखा एक दांडा खाली आला, त्याच्या टोकाला हरभऱ्याएवढी कळी.

त्याच सुमारास प्रिया येऊ लागली. तालुक्यातल्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. सर्वेशने फोटो काढायला बोलावलेल्या शेकडो माणसांतली ती एकटी अशी, जिने आत पाऊल टाकण्याआधी हात धुतले आणि पहिला प्रश्न सर्वेशला न विचारता निवृत्तीला विचारला.

"रात्रीचं तापमान किती उतरतं?"

"बारा. कधी साडेअकरा."

"आणि वीज गेली तर?"

"सहा तास काय होत न्हाई."

तिने खाली बसून टाकी, नळ्या, झडपा सगळं बघितलं. मग म्हणाली, "काका, हे फूल उमललं की मी परागकण आणते. तमिळनाडूच्या डोंगरातल्या एका बागेत ह्याच जातीचं दुसरं झाड आहे. बी धरलं तर माझ्या प्रयोगशाळेत शेकडो रोपं होतील. नाही धरलं तर हे एकच. उद्या हे मेलं की संपलं."

निवृत्तीला हे बोलणं समजलं. फॅक्टरीत नवीन यंत्र फिरायला लागलं की साहेब लोक पेढे वाटायचे. तो खायचा नाही. यंत्र फिरणं म्हणजे चाचणी. माल बाहेर पडला तर काम. फूल ही चाचणी होती. बी हा माल. बी न धरता हे झाड गेलं, तर तीन वर्षं तो मयेत नुसता सर्वेशचा फोटो सजवत होता, असंच ठरणार होतं.

गणेशचवथीच्या आधीच्या शनिवारी फूल उमललं. तळहाताएवढं, तपकिरी-जांभळं, लवदार, आणि खोलीत पिकल्या संत्र्याचा वास. निवृत्ती त्याच्या समोर स्टूल घेऊन बराच वेळ बसला. फूल त्याच्याकडे बघत होतं. "बघतंस काय," तो म्हणाला, आणि झडप बघायला उठला.

परागकण शुक्रवारी येणार होते. चवथ बुधवारी होती.

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. छताला लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं, फुलं, पानं, वेली बांधायच्या. तालुक्यातल्या एका मंडळाची माटोळीची स्पर्धा होती. परीक्षक घरोघर येऊन बघायचे, कुणाच्या माटोळीत किती जिन्नस आणि किती दुर्मीळ. सुमंगलाकाकी चाळीस वर्षं माटोळी बांधत होती. शेजारच्या देवकीला घेऊन स्वतः डोंगरात जायची, कांगलां, कवंडळं, घागऱ्यो असली रानफळं हुडकून आणायची आणि केवणीच्या झाडाच्या सालीने बांधायची. सुतळी चालायची नाही. निवृत्तीने हे सगळं गेली दोन वर्षं खोलीतून येता-जाता पाहिलं होतं आणि बायकांचं काम म्हणून सोडून दिलं होतं.

सोमवारी सर्वेश खोलीत आला. "निवृत्ती, एक आयडिया आहे. हे नाहीतरी लोंबतंच. माटोळीत टांगलं तर?"

"न्हाई."

"दोन तास. परीक्षक येऊन गेले की परत."

"खाली समया, वर धूर, तीस अंश. दोन तासांत फडकं होईल त्याचं. शुक्रवारी प्रियाबाई येणार."

"अरे, मी फक्त म्हटलं."

"म्हणू पण नका."

अडचण अशी की निवृत्तीला गावी जाणं भाग होतं. भावाभावांत गणपती पाळीने, यंदा पाळी त्याची. मंगळवारी दुपारी निघून गुरुवारी दुपारी परत. त्याने टाकीत हाताच्या वितीएवढा बर्फ धरवला, वीज बरी राहिली तर दोन दिवस झडपेला हात लावावा लागणार नाही असं बसवलं, कुलूप घातलं. दुसरी किल्ली मालकाकडे होती. ती मागून घ्यायला त्याला कमीपणा वाटला.

"घरात कुणाला सांगून ठेवलासा?" गाडीत भागीरथीने विचारलं.

"कुणाला? त्या फोटोवाल्याला?"

"म्हातारी हाय की."

"ती माटोळी बांधते."

भागीरथी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आधी कुणाला शिकवायचं न्हाई. मग कुणाला येत न्हाई म्हणून तोंड वाकडं करायचं. बरं जमतंय तुम्हाला."

बुधवारी त्याने गावी पूजा केली, नैवेद्य दाखवला, आणि गुरुवारी पहाटे निघाला. "मयेत काय गौर बसवलीस का काय?" धाकट्या भावाने विचारलं. त्याने भागीरथीला तिथेच ठेवलं आणि एकटाच गाडीत बसला. तिलारीच्या घाटात ढग खाली आला होता. माणसं खिडक्या लावून घेत होती. रस्त्यावर फुकट सांडलेली ही थंडी, आणि खाली मयेत तीच आपण कॉम्प्रेसर लावून तयार करतो, हे त्याला पुन्हा एकदा हास्यास्पद वाटलं.

मयेत पोचला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. खोलीचं दार सताड उघडं होतं, वाऱ्याने लागू नये म्हणून खाली कुणाची तरी चप्पल सरकवलेली. टाकीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. हुकाला टोपली नव्हती.

तो घराच्या पुढच्या दारी गेला. आत परीक्षक आले होते. एक गुरुदासमास्तर, निवृत्त शिक्षक, सगळा तालुका त्यांना ओळखतो. दुसरा वही घेतलेला एक तरुण. माटोळी भरगच्च होती. नारळाची पेण, सुपारीची शिपटी असे घड, तोरिंगं, चिबूड, लालभडक कवंडळं अशी फळं, आणि बरोबर मध्यभागी तांब्याची एक रिकामी तार. खाली पांढऱ्या कुडत्यात सर्वेश.

"सर्वेश, ह्या तारेला काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"सर, एक्वादोरचं ऑर्किड. काल सकाळी होतं. फोटो दाखवतो."

"फोटो नको. माटोळीत फोटो टांगायचा नियम अजून आला नाही."

"अख्ख्या गोव्यात एकच आहे, सर."

"असेल. तू आणलंस रानातून?"

"नाही. पार्सल आलं."

"मग बक्षीस पार्सलवाल्याला द्यायला हवं," मास्तर म्हणाले. तरुण वहीत तोंड घालून हसला. मास्तरांनी मान वर करून कांगलांचा घोस बघितला. "हे कुणी आणलं?"

"आईने. डोंगरावरून."

"आणि घागऱ्यो?"

"आईनेच."

"तुझं काय आहे ह्यात?"

सर्वेशने तारेकडे बघितलं.

"झाड कुठाय?" निवृत्ती दारातून म्हणाला. आवाज चढवला नाही, पण तरुणाचं लिहिणं थांबलं.

"निवृत्ती, ऐक. काल सकाळी लावलं. आरतीपर्यंत मस्त होतं. सगळ्यांनी बघितलं. मग जरा मान टाकली..."

"जरा."

"मग आईने काढलं."

"काढून कुठं ठेवलं?"

"विचारलं नाही रे. घरात पाहुणे होते."

तीन वर्षं ज्याच्या नावाने माणूस गावभर मिरवला, ते कुठे गेलं हे त्याने एक अख्खा दिवस विचारलं नव्हतं. निवृत्तीला राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं.

आतल्या दारातून सुमंगलाकाकीने त्याला बोट हलवून बोलावलं. तो मागल्या अंगणात गेला. ती पदर खोचून विहिरीकडे चालत होती.

"तुजां केलडां बांयत आसा," ती म्हणाली.

"विहिरीत टाकलंत?"

"टाकूक मी काय सर्वेश?"

जांभ्या दगडाची जुनी खोल विहीर, आतल्या भिंतीवर नेचे माजलेले. रहाटाच्या दोराला केवणीच्या दुहेरी सालीने टोपली बांधलेली होती आणि पाण्याच्या दोन हात वर लोंबत होती. वरून केळीचं ओलं पान झाकलेलं. निवृत्तीने वाकून बघितलं.

"रानातली नाजूक फुलां मी चवथीपर्यंत हंयच ठेवतंय," काकी म्हणाली. "चाळीस वर्षां. खाली गार आसा, वारो नाय. पावसान पाणी चढतां, म्हणून कालपासून चार वेळा दोर वर घेतलंय. भिजलां तर कुजतलां."

"खोलीत का नाही ठेवलंत?"

"तुज्या खोलीत? दार उघडां टाकून गेलो तो. भितर बाहेरच्यापरास उकडत होतां. तां चाक खंय फिरवचां, किती फिरवचां, माका काय ठावक? तू कोणाक सांगितलंस?"

निवृत्तीने खिशातून थर्मामीटर काढला, दोरीला बांधून विहिरीत सोडला. थांबला. वर ओढला. "चोवीस," तो म्हणाला.

"बरां की वायट?"

"बारा पायजे. पण ओल पुरी हाय." मग थर्मामीटर पुसून खिशात टाकत, "ह्याहून बरं मला बी जमलं नसतं. बर्फाशिवाय."

टोपली हळूहळू वर घेतली. फुलाच्या दोन शेपट्या मऊ पडून चिकटल्या होत्या, एका पाकळीची कड तपकिरी झाली होती. पण तोंड तसंच्या तसं होतं, डोळे-नाक ताठ. आरती नाही, धूर नाही, अशा जागी चोवीस तासांत ते बरंचसं सावरलं होतं.

लगेच खोली थंड करून तिच्यात ठेवलं असतं तर थंडीनेच गेलं असतं. निवृत्तीने दार लावलं, कॉम्प्रेसर सुरू केला आणि टोपली दाराजवळ खाली ठेवली. दर तासाला झडपेला पाव आटा. चोवीस, बावीस, एकोणीस. काकी पाट घेऊन बाहेर बसली. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. घरातून सुप्रियाने दोनदा हाक मारली, ती गेली नाही.

"पाव आटो कित्याक? अर्धो केल्यार लवकर जायत नाय?" तिने विचारलं.

फॅक्टरीत हा प्रश्न कुणी विचारला असता तर निवृत्तीने पाठ फिरवली असती. त्याने झडपेवरचा हात काढला. मग म्हणाला, "अर्धा केला तर नळ्या एकदम गार पडतात. मग हवेतली ओल त्यांच्यावर धरते, पाणी होऊन खाली गळते, आणि हवा कोरडी. झाडाला थंडी मिळते, पाणी न्हाई."

"म्हणजे घाईन भात शिजयला तर वयर शिजता, भितर तांदूळ."

"तसंच," तो म्हणाला. पहिल्याच खेपेला तिला कळलं ह्याचा त्याला थोडा त्रास झाला.

शुक्रवारी दहाला प्रिया आली. थंड डबीतून एक बारीक नळी काढली, भिंग लावलं, फूल बघितलं. निवृत्ती भिंतीला पाठ लावून उभा. काकी दारात.

"एक पाकळी गेली," प्रिया म्हणाली. "पण मधला भाग शाबूत आहे. काय झालं होतं?"

"माटोळीत होतं," काकी म्हणाली.

प्रियाने वर बघितलं आणि भिंग बाजूला ठेवलं. दात कोरायच्या काडीच्या टोकाने तिने पिवळा कण उचलला, माकडाच्या नाकामागे टेकवला, दोन क्षण दाबला. काम तेवढंच होतं. इतक्यात सर्वेश फोन घेऊन आला आणि पुन्हा एकदा करून दाखवायला सांगू लागला.

"पुन्हा होत नाही ते," प्रिया म्हणाली.

चार दिवसांनी फूल वाळलं. पण दांडा वाळला नाही. तीन आठवड्यांनी त्याच्या टोकाला हिरवी शेंग दिसू लागली, आणि दिवसेंदिवस जाड होऊ लागली. माटोळीचा निकाल लागला. सुमंगलाकाकीला तिसरं बक्षीस, कांगलांच्या घोसासाठी. प्रमाणपत्र सर्वेशने दिवाणखान्यात लावलं, खाली केलड्याचा मोठा फोटो, आणि येणाऱ्याला दोन्ही एकत्रच सांगू लागला. ऐकणाऱ्यांना वाटायचं की बक्षीस केलड्याचं. त्याने कधी खोडून काढलं नाही.

भागीरथी गावाहून परतली तेव्हा निवृत्तीने सगळं सांगितलं. "मग?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो काकीला म्हणाला, "शेंग पिकायला पाच-सहा महिने. तोवर मी एकदा पडलो, आजारी झालो, तर पुन्हा विहिरीत टांगणार काय? उद्यापासून सहाला येत जावा. दाखवतो."

"सहाक माजी भाकरी आसता. सातांक येतंय."

"थंडी साताला थांबत न्हाई."

"मग तू तिका धरून रव."

ती साताला आली. आल्याआल्या म्हणाली की त्याची पाण्याची बाल्दी आतून शेवाळलेली आहे, आणि तो तीन वर्षं दुसऱ्यांची घाण दाखवत फिरतो. त्याने बाल्दीत वाकून बघितलं. खरंच होती. बाहेर नेऊन घासून आणली. सर्वेशही तिसऱ्या दिवशी आला, आपणही शिकतो म्हणाला. निवृत्तीने त्याला शेवाळाचा एक तुकडा हातात दिला, पिळून ओल किती ते सांगायला. सर्वेशने शेवाळ हातात धरून फोटो काढला. फोन वाजला म्हणून गेला, आणि शेवाळ खिडकीच्या कडेवर राहिलं.

काकीने ते उचलून जागेवर ठेवलं. मग झडपेपाशी गेली, पदराला हात पुसले, चाकाला बोटं लावली.

"खंयच्या बाजूक?"

"उजवीकडं. पाव."

तिने फिरवलं. निवृत्तीने दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

"जास्त झालं," तो म्हणाला. "परत घ्या. हळू. आता थांबा."